गाडीखालचा थेंब

पिकअप रात्रभर उभी राहिली त्या जागी सकाळी दिसणारा डाग कशाचा आणि तो गाडीच्या नेमक्या कुठल्या भागातून आला, हे ओळखण्याची विद्या मोटारगाडीइतकीच जुनी आहे. भोर तालुक्यातले शिवरे पुणे–सातारा महामार्गावर आहे. उत्तरेला कात्रजचा घाट, दक्षिणेला खंबाटकी आणि भोरवरून महाडकडे उतरणारा वरंधा, अशा चढउतारांचा हा मुलूख. भात, भाजी आणि दूध वाहणाऱ्या गाड्यांच्या इंजिनाचा आणि ब्रेकचा इथे रोज कस लागतो. सपाटीवर महिनोन् महिने लपून राहणारी गळती घाटात दोन खेपांत उघडी पडते.

कारखान्यातूनच हौदा बसवून आलेली पिकअप फोर्डने १९२५ मध्ये विकायला काढली. महाराष्ट्रात या वर्गातल्या गाड्या उशिरा आल्या. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतल्या, बजाज टेम्पो १९५८ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या गाडीचे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनामच होऊन बसले. पुण्यात घडलेली टाटामोबाइल १९८८ ची. पुढे टाटा २०७ आणि बोलेरो पिकअप गावोगाव पोहोचल्या.

जुन्या गाडीतून तेल टपकणे हा दोष मानलाच जात नसे. क्रँकशाफ्ट इंजिनाबाहेर येतो तिथे ग्रॅफाइट लावलेली दोरी किंवा नमद्याची पट्टी आवळून बसवत, ती थोडी पाझरायचीच. पॅकिंग बुचाचे असे. ते वाळले की आक्रसे, आणि इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरच्या कडेने तेल झिरपू लागे. यात खरा बदल घडवला तो कातडी कमावणाऱ्या एका जर्मन कंपनीने. वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्गने १९२९ मध्ये पत्र्याच्या कडीत चामड्याचा ओठ बसवून ऑइल सील तयार केले. वाल्टर सिमर या अभियंत्यावरून त्याला सिमरिंग हे नाव पडले. १९३६ मध्ये चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आजच्या पिकअपमधले सील त्याच घडणीचे आहे: शाफ्टवर टेकलेला रबराचा पातळ ओठ आणि त्याला मागून आवळणारी बारीक गोल स्प्रिंग. उष्णतेने हा ओठ कडक होतो. शिवाय वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने शाफ्टवर चर पडतो. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पण नख फिरवले की अडकते. असा चर असताना नुसते सील बदलले तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते.

गळती शोधण्याच्या पद्धतीचे मूळ मात्र मोटारीहून जुने आहे. रेल्वेच्या कारखान्यांत भेगा शोधण्यासाठी आस किंवा दांडा तेलात बुडवून, पुसून, त्यावर खडूची पूड फासत. भेगेत मुरलेले तेल पुडीत उमटून काळी रेघ दिसे. गॅरेजमधले कसबी मिस्त्री हेच तत्त्व वापरतात. इंजिन आधी डिझेलने धुऊन कोरडे करायचे, वर टाल्कम पावडर भुरभुरवायची, गाडी थोडी पळवून आणायची आणि पांढऱ्यावर पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते पाहायचे. कारण थेंब जिथून पडतो तिथे गळती क्वचितच असते. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचे तेल इंजिनाच्या अंगावरून उतरते, वाऱ्याने मागे जाते आणि इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगखाली टपकते. मग मागचे सील गेले असे समजून विनाकारण गिअरबॉक्स उतरवला जातो. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधणे हाच नियम. हल्ली तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील प्रकाशाच्या टॉर्चनेही माग काढतात, पण धुण्याचे काम त्यातही चुकत नाही.

रंग आणि वास ही दुसरी खूण. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे. गिअर ऑइल दाट आणि गंधकाच्या वासाचे. पॉवर स्टीअरिंगचे पुष्कळदा लाल. रेडिएटरमध्ये साधे पाणी भरत तेव्हा त्याची गळती निरुपद्रवी होती. कूलंट आले तसे ते बदलले: त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोडसर असते आणि विषारीही. अंगणात साचलेले असे पाणी कुत्रे प्यायले तर दगावू शकते, म्हणून ते लगेच धुऊन काढले पाहिजे. भारत स्टेज सहाचे धुराचे निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि काही डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणारे डीईएफ हे द्रव आले. ते गळले की पांढरे खडे जमतात. तो शेतकऱ्याच्या ओळखीचाच युरिया असतो.

भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यात एक कारण फार फसवते. मागच्या आसावर हवा जाण्यासाठी ब्रीदर नावाची बारीक नळी असते. भातखाचरांच्या वाटेवरचा चिखल तिच्यात बसला की घाटात तापलेल्या डिफरेन्शियलमधली हवा कोंडते आणि सील चांगले असूनही तेल बाहेर ढकलते. ते चाकाच्या ड्रममध्ये शिरून ब्रेक लायनर भिजवते. इंजिनाचा ब्रीदर तुंबला तरी असेच होते, एकाच वेळी चार ठिकाणी पाझर दिसतो. अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो आणि त्याला इंजिनाचे तेल मिळते. त्याचे सील फाटले की तेल अल्टरनेटरमध्ये जाते आणि तक्रार येते ती बॅटरी चार्ज होत नसल्याची.

ब्रेक ऑइल पातळ, पिवळसर असते आणि रंगावर पडले तर रंग उचलते. कधी ते मास्टर सिलिंडरमधून बूस्टरमध्ये उतरते; तेव्हा डबी रिकामी होत जाते आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. डबीतली पातळी घटत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर ती गाडी घाटात नेऊ नये. जिथे आहे तिथेच उभी ठेवून मिस्त्रीला बोलवावे.