लिझी: चांदण्यात उतरणाऱ्या विमानाची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धातल्या काही लायसँडर विमानांच्या डाव्या अंगाला, बाहेरून, एक शिडी कायमची जोडलेली दिसते. लष्करी विमानाला शिडी कशाला, असं कुणालाही वाटेल. हवेत तिचा अडथळाच. पण ही विमानं ज्या कामावर जात, तिथे शिडी लावायला माणूस नसे आणि वेळही नसे. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये रात्री कुणाच्या तरी शेतात उतरायचं, आतली माणसं उतरवायची, वाट पाहणारी चढवायची आणि तीनेक मिनिटांत पुन्हा आकाशात. उतरणाऱ्यांपैकी एकाने आतच थांबून आधी सगळं सामान खाली द्यायचं, परतीच्या माणसांचं सामान वर घ्यायचं आणि मगच शिडीवरून उतरायचं. हा सगळा वेळ इंजिन चालूच.

हे विमान जन्माला आलं ते मात्र अगदी वेगळ्या कामासाठी. इंग्लंडमधल्या येओव्हिलच्या वेस्टलँड कंपनीने ते बनवलं आणि १५ जून १९३६ रोजी हॅराल्ड पेनरोज या वैमानिकाने ते पहिल्यांदा उडवलं. पायदळाच्या वर घिरट्या घालायच्या, शत्रूच्या हालचाली टिपायच्या, तोफांचे गोळे कुठे पडताहेत ते सांगायचं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. म्हणून पंख कॉकपिटच्या वर बसवलेले, खालची जमीन स्वच्छ दिसावी असे. वेग कमी झाला की पंखांच्या पुढच्या कडेच्या फळ्या आपोआप उघडत आणि विमान ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासही तरंगत राही. चाकं पोटात न जाणारी, जाडजूड आवरणातली. सरकारने नाव दिलं स्पार्टाच्या एका सेनानीचं. वैमानिकांनी ते लगेच मोडून 'लिझी' केलं.

१९४० साली फ्रान्सच्या लढाईत लिझीची दैना झाली. जर्मन मेसरश्मिटांपुढे तिचा संथपणा जिवावर बेतला. फ्रान्स-बेल्जियममध्ये पाठवलेल्या १७५ लायसँडरपैकी ११८ गमावली गेली. दिवसाउजेडी लढाईतली तिची कारकीर्द युरोपात तिथेच संपली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश वायुदलाने ४१९ क्रमांकाची एक छोटी तुकडी उभी केली. काम गुप्त: हेरांना शत्रूच्या मुलखात सोडणं आणि जमलं तर परत आणणं. पहिली परतफेरी केली या तुकडीच्या वॉली फार्ली या वैमानिकाने. फ्रान्समध्ये पॅराशूटने उतरलेल्या फिलिप श्नायडाऊला फोंतेनब्लोजवळून आणायचं होतं. त्याच्याकडे बिनतारी यंत्र नव्हतं, निरोपासाठी कबुतरं होती. विमान रात्री कुठे आणि कसं टेकवायचं याचा आराखडा या दोघांनी आधी लंडनच्या एका रेस्टॉरंटात टेबलक्लॉथवर काढला होता, असं सांगतात. १९ ऑक्टोबर १९४० च्या रात्री फार्ली उतरला आणि श्नायडाऊला घेऊन उडाला. पण एका गोळीने होकायंत्र फुटलं, वर ढग आणि वादळी वारा. रात्रभर ते भरकटत राहिले. सकाळी इंधन संपताना खाली जमीन दिसली ती स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानजवळची. विमान मोडलं, दोघंही वाचले.

त्या आराखड्यातून आलेली रीत पुढे युद्धभर चालली. शेतात फक्त तीन टॉर्च, काठ्यांना बांधलेल्या. पहिली विमान टेकेल तिथे, दुसरी तिच्यापासून सुमारे दीडशे मीटरवर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, तिसरी दुसरीच्या उजवीकडे पन्नासेक मीटरवर. वरून पाहिलं की उलटं इंग्रजी एल अक्षर. त्याआधी जमिनीवरचा माणूस ठरलेलं अक्षर मोर्समध्ये लुकलुकवी. अक्षर चुकलं तर वैमानिकाने उतरायचं नाही, खाली कुणीही असो. टेकलेलं विमान पुढच्या दोन टॉर्चपाशी वळून पुन्हा पहिलीशी येई, माणसांची अदलाबदल होई आणि तिथूनच ते झेप घेई.

यासाठी लिझीला नव्याने घडवावं लागलं. बंदुका काढल्या, पोटाखाली १५० गॅलनची टाकी बसवली, त्यामुळे ती आठेक तास हवेत राहू शकली. मागच्या जागेत दोन माणसं, दाटीवाटीने तीन. रंग आधी सगळा काळा दिला. मग ध्यानात आलं की चांदण्यात, खालच्या पांढऱ्या ढगांवर, काळं विमान वरून ठळक दिसतं. तेव्हा वरची बाजू हिरवी-करडी केली, खालची काळीच ठेवली. रात्रीसाठी रंग म्हणजे काळा, ही समजूत चांदण्याने खोडून काढली.

सगळा हिशेब पौर्णिमेवर. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा आठवडा, एवढेच कामाचे दिवस. वैमानिक एकटा असे, मांडीवर नकाशाच्या घड्या. चंद्रप्रकाशात चकाकणारी लुआर नदी ही त्याची सर्वांत भरवशाची खूण. हे काम पुढे ज्या १६१ व्या स्क्वाड्रनकडे आलं, तिचा मुख्य तळ टेम्प्सफर्डला, पण चांदण्या पंधरवड्यात लिझी दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमियरला येत. तिथून जवळच बिग्नर मॅनर नावाच्या घरात बार्बरा बर्ट्रम या गृहिणी फ्रेंच पाहुण्यांना जेवू-खाऊ घालत. फ्रान्समधून आलेल्यांच्या बुटांना लागलेला चिखल त्या खरवडून ठेवत, त्यात सॅलडचा पाला लावत आणि नंतर येणाऱ्यांना तोच वाढत. फ्रान्सच्या मातीत उगवलेला पाला, परदेशातल्या पहिल्या जेवणात. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत प्रिय गोष्ट ही आहे.

१६ जून १९४३ च्या रात्री दोन लायसँडर आंजे शहराजवळ उतरली. त्यांतून आलेल्या चौघांत नूर इनायत खान होती. तिचे वडील बडोद्याचे सूफी संगीतकार इनायत खान आणि गायकवाडांच्या बडोद्यात गायनशाळा चालवणाऱ्या मौलाबक्षांची ती पणती. मोहिमेच्या कागदांवर तिचं टोपणनाव 'नर्स'; सोबतच्यांची 'टीचर', 'चॅप्लन' आणि 'मंक'. ब्रिटनमधून व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी यंत्रचालक. शेतावर त्यांना उतरवून घेणारा आंरी देरिकूर जर्मनांनाही माहिती पुरवत होता. चौघांपैकी एकही जण परतला नाही. नूरला १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छळछावणीत गोळी घालण्यात आली.

वैमानिकांचं धैर्य मोठंच होतं. १९४३ च्या डिसेंबरात एकाच रात्री परतताना दाट धुक्यात दोन लिझी कोसळल्या आणि दोघंही वैमानिक गेले. पण मला वाटतं, टॉर्च धरणाऱ्यांची आठवण त्यांच्या आधी काढायला हवी. वैमानिक पहाटे आपल्या तळावर परते. हे लोक त्याच गावात राहत, सकाळी त्याच रस्त्यावर जर्मन शिपायांसमोरून जात. नोव्हेंबर १९४३ मध्ये रॉबिन हूपरची लिझी चिखलात रुतली, तेव्हा ती ओढायला शेतकऱ्यांनी बैल आणले. चाकं निघेनात, शेवटी विमान जाळावं लागलं. हूपरला गावकऱ्यांनी महिनाभर लपवलं आणि पुढच्या चांदण्यात दुसरी लिझी त्याला घेऊन गेली.

लिझीचा मुंबईशीही संबंध आहे. १९४१ च्या नोव्हेंबरात पेशावरला 'बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडा'ने भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला बारा लायसँडर भेट दिली. टेहळणीसाठी बनवलेल्या या विमानांना बॉम्ब लटकवून के. के. मजुमदार आणि त्यांच्या साथीदारांनी १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशातून सयाममधल्या जपानी तळावर हल्ले केले. गुप्त काम पूर्वेत उशिरा आलं: १९४५ मध्ये ३५७ व्या स्क्वाड्रनच्या लायसँडर ब्रह्मदेशच्या डोंगरांत, करेन लोकांसोबत लढणाऱ्या अधिकाऱ्यांना आणायला-न्यायला उतरत होत्या.

आजची विशेष मोहिमांची विमानं लिझीच्या कितीतरी पट मोठी आहेत, पण काम ओळखीचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या वादी सैदना इथल्या धावपट्टीवर दिवे नव्हते, दिशादर्शक यंत्रणा नव्हती. आपल्या वायुदलाचं सी-१३० जे रात्री तिथे उतरलं, तेव्हा वैमानिकांच्या डोळ्यांवर रात्री दिसणारे चष्मे होते. तिथल्या लढाईत अडकलेल्या १२१ जणांना त्यांनी बाहेर काढलं.

एक लायसँडर आपल्याकडेही आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताने कॅनडाला एक लिबरेटर विमान दिलं आणि बदल्यात ती आली. ती आता दिल्लीच्या पालम इथल्या वायुदल संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर लढाऊ जेटपाशी थांबता तेवढा वेळ तिच्यापाशीही थांबा, आणि मागच्या प्रवाशाची ती अरुंद जागा नीट पाहा.