भोवरा, बंदूक आणि डोंगर

फिरणारा भोवरा आरीवर ताठ उभा राहतो, थांबला की आडवा होतो. हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. याच तत्त्वावर चालणारी एक वस्तू खांद्यावर घेऊन २५ सप्टेंबर १७८० रोजी उत्तर अमेरिकेतील वाटाउगा नदीकाठी शेकडो शेतकरी जमले होते. ती वस्तू म्हणजे रायफल.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. ॲपलाचियन पर्वतापलीकडे राहणारी ही माणसे पगारी शिपाई नव्हती. घोडा स्वतःचा, बंदूक स्वतःची. ‘विरोध सोडा, नाहीतर डोंगर ओलांडून येईन, पुढाऱ्यांना फाशी देईन आणि मुलूख जाळीन’, असा निरोप ब्रिटिश अधिकारी पॅट्रिक फर्ग्युसनने त्यांना धाडला होता. तो येण्याची वाट न पाहता आयझॅक शेल्बी आणि जॉन सेव्हियर यांनी माणसे गोळा केली. सोरा, गंधक आणि कोळसा यांपासून बंदुकीची दारू बनवणाऱ्या मेरी पॅटन यांनी ५०० पौंड दारू पुरवली. वाटेत सगळ्या पथकप्रमुखांनी मिळून विल्यम कॅम्पबेल याला सेनापती निवडले.

त्या काळी सैन्यात मस्केट वापरत. तिची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी सैल बसे. त्यामुळे शंभर यार्डांपुढे नेमाचा भरवसा नसे. रायफलच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. त्यांतून गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. शिकारी तिने दोनशे यार्डांवरही नेम साधत. मग सैन्यांनी मस्केट का टाकली नाही? कारण घट्ट बसणारी गोळी नळीत ठोकायला वेळ लागे. मस्केटचे तीन बार होईपर्यंत रायफलचा जेमतेम एक होई. शिवाय शिकारी रायफलला संगीन लावता येत नसे. उघड्या मैदानात संगिनी रोखून धावत येणाऱ्या रांगेपुढे रायफलवाला हतबल होई.

७ ऑक्टोबरला किंग्ज माउंटन या टेकडीवर सुमारे ९०० स्वयंसेवकांनी फर्ग्युसनच्या सुमारे १,१०० सैनिकांना वेढले. माथा उघडा होता, उतारावर दाट झाडी होती. वरून संगिनी आल्या की हल्लेखोर झाडीतून खाली सरकत, बंदुका भरत आणि पुन्हा वर चढत. रायफलची उणीव झाडांनी भरून काढली. तासाभरात लढाई संपली. फर्ग्युसन मारला गेला, सुमारे ७०० सैनिक कैद झाले. गंमत अशी, की मागून भरता येणाऱ्या, झटपट बार काढणाऱ्या रायफलचे पेटंट याच फर्ग्युसनने १७७६ मध्ये घेतले होते!

पण गोष्ट येथे थांबवू नये. फर्ग्युसनचे जवळजवळ सगळे सैनिक राजनिष्ठ अमेरिकनच होते. आठवडाभराने विजेत्यांनी घाईचा खटला चालवून नऊ कैद्यांना फाशी दिली. त्याच डिसेंबरात सेव्हियरचे स्वयंसेवक चेरोकी लोकांवर चालून गेले आणि त्यांची गावे जाळली गेली. फर्ग्युसनने जी धमकी दिली होती, तीच त्यांनी दुसऱ्यांवर खरी केली.

हा धडा शिकवताना मुलांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. हीच लढाई सपाट माळावर झाली असती, तर? आणि हे स्वातंत्र्य नेमके कोणाचे?