स्वभक्षण आणि चेतासंधी : यीस्टपासून मेंदूपर्यंत

१९६३ साली ख्रिश्चन द दूव यांनी ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, ही संज्ञा घडवली. पेशी स्वतःचेच जीर्ण घटक पटलात गुंडाळून लयकारिकेत पचवते आणि सुटे झालेले रेणू पुन्हा वापरते, हे तेव्हा दिसले होते. ते कोणत्या जनुकांमुळे घडते, हे मात्र पुढली तीस वर्षे अंधारातच राहिले. उत्तर मिळाले ते यीस्टमध्ये. योशिनोरी ओसुमी यांनी १९९३ मध्ये उपाशी ठेवलेल्या यीस्टमधून अशी पंधरा जनुके हुडकली. २०१६ चे नोबेल त्याच कामासाठी.

तोवर ही क्रिया उपासमारीतील काटकसर मानली जाई. २००६ मध्ये जपानमधील दोन गटांनी उंदरांच्या केवळ चेतापेशींतून एकेक स्वभक्षण-जनुक काढून टाकले. उंदरांना अन्नाची वाण नव्हती. तरीही चेतापेशींत प्रथिनांच्या गाठी साचल्या, हालचाली बिघडल्या, पेशी मेल्या. विभाजन न होणाऱ्या पेशीला आपला कचरा वाटून टाकता येत नाही.

भौतिकीच्या माणसाला येथे अंतराचा प्रश्न छळतो. मीटरभर लांबीच्या अक्षतंतूच्या टोकाशी असलेल्या चेतासंधीतून, म्हणजे सिनॅप्समधून, एखादे प्रथिन निव्वळ विसरणाने पेशीकायेपर्यंत यायचे, तर हजाराहून अधिक वर्षे लागतील! एरिका होल्झबॉर यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की स्वभक्षण-पुटिका टोकाशीच तयार होतात आणि प्रेरक प्रथिने त्यांना सूक्ष्मनलिकांवरून मागे ओढत आणतात. सेकंदाला अर्धा मायक्रोमीटर हा वेग धरला, तर हा प्रवास सुमारे तेवीस दिवसांचा.

सफाई केवळ कचऱ्याची नसते. वाढत्या वयात अनावश्यक चेतासंधी छाटल्या जातात. ऑटिझम असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूपश्चात मेंदू-नमुन्यांत ही छाटणी अपुरी आणि स्वभक्षण मंद असल्याचे २०१४ मध्ये डेव्हिड सल्झर यांच्या गटाने नोंदवले. नमुने थोडे होते. पण उंदरांत रॅपामायसिनने छाटणी सुधारली, तीही स्वभक्षण शाबूत असेल तरच.

भारतात बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात रवी मंजिथया यांच्या गटाने पुन्हा यीस्टचाच आधार घेतला. तेथे रेणूंची चाळणी करून निवडलेल्या ‘६-बायो’ने पार्किन्सनच्या उंदीर-प्रारूपात चेतापेशींचे रक्षण केले. हे माणसासाठीचे औषध नव्हे. उपवासाने मेंदू ‘स्वच्छ’ होतो, असे सांगणारे संदेश फिरवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे : उपाशी उंदरांच्या मेंदूत स्वभक्षण वाढते की नाही, यावर प्रयोगांचेच एकमत नाही.