जिमी कार्टर, विक्रोळी आणि नारू

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर बसायच्या आधी काय करत होता आणि खुर्चीवरून उतरल्यावर त्याचं काय झालं, याचा आपल्याला सहसा पत्ता नसतो. जिमी कार्टरच्या बाबतीत तर फारच. १९७७ ते १९८१, एवढी चारच वर्षं तो अध्यक्ष होता. इथल्या जुन्या मंडळींना त्या काळाबद्दल विचारलं की दोन गोष्टी ऐकायला मिळतात: पेट्रोलसाठी लागलेल्या रांगा, आणि तेहरानमध्ये ४४४ दिवस ओलीस राहिलेले अमेरिकन. फार तर एखादा इजिप्त-इस्रायल कराराची आठवण काढतो. झालं, पुस्तक बंद! पण हा गृहस्थ १०० वर्षं जगला. त्यातली ही चार सोडली तर उरलेल्या शहाण्णव वर्षांत बराच मसाला आहे, आणि त्यातला काही चक्क आपल्या मुंबईचा आहे.

आधी माझ्या आवडीचा, म्हणजे अणुभट्टीचा भाग. डिसेंबर २०२४ मध्ये कार्टर वारला तेव्हा एकाच दिवसात तीन मित्रांनी मला एकच निरोप ढकलला. त्याचा मथितार्थ असा, की तरुण कार्टर वितळत्या अणुभट्टीत एकटा उतरला आणि त्याने कॅनडाची राजधानी वाचवली. पीएचडीच्या काळात मी काही महिने छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लावून हिंडलो आहे, त्यामुळे असलं काही वाचलं की मला राहवत नाही. खरी हकीकत या दंतकथेपेक्षा कमी फिल्मी आहे, पण माझ्या मते जास्त चांगली आहे.

कॅनडात ऑटवा नदीच्या काठी चॉक रिव्हर इथे 'एनआरएक्स' नावाची संशोधन भट्टी होती. १२ डिसेंबर १९५२ रोजी तळघरात काम करणाऱ्या एकाने चुकून भलत्याच झडपा उघडल्या. भट्टीला लगाम घालणाऱ्या काही कांड्या त्यामुळे वर उचलल्या गेल्या. ते निस्तरायला पर्यवेक्षक खाली धावला आणि त्याने फोनवरून वर कुठली बटणं दाबायची ते सांगितलं. त्यातला एक आकडा चुकला! भट्टीची शक्ती मिनिटभराच्या आत मर्यादेच्या बरीच वर गेली. वरच्या माणसांनी भट्टीतलं जड पाणी सोडून दिलं, तेव्हा कुठे ती थंडावली. म्हणजे जे काही वाचवायचं होतं ते त्या माणसांनी तिथल्या तिथे वाचवलं होतं. मागे उरलं ते फुटलेलं इंधन आणि तळघरात साचलेलं सुमारे ४५ लाख लिटर किरणोत्सर्गी पाणी. अणुभट्टीला झालेला जगातला हा पहिला मोठा अपघात.

कार्टर तेव्हा २८ वर्षांचा नौदल अधिकारी होता आणि न्यूयॉर्क राज्यात स्कनेक्टडीला अणुपाणबुडीच्या कामावर होता. या विषयातलं प्रशिक्षण झालेली माणसं तेव्हा होतीच किती? त्यामुळे साफसफाईसाठी अमेरिकन नौदलाची जी तुकडी गेली, तिच्या एका गटाचा तो प्रमुख झाला. आत किरणोत्सर्ग इतका होता की एका माणसाने दीड मिनिटापेक्षा जास्त थांबायचं नाही. दीड मिनिटात काय होतं? धड एक बोल्टसुद्धा निघत नाही. म्हणून त्यांनी जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. दोन-तीन जणांनी आधी तिथे पाना कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचा याची घोकंपट्टी करायची, मग आत पळत जायचं, ठरलेला बोल्ट काढायचा आणि पळत बाहेर. कॅमेऱ्यातून पाहून बाहेरच्या प्रतिकृतीतला तोच बोल्ट काढून टाकायचा, म्हणजे पुढच्या जोडीला आतली ताजी स्थिती समजणार. आज असल्या कामाला यंत्रमानव पाठवतात, पण तालमीची पद्धत अजून हीच आहे. सैनिक आणि कर्मचारी मिळून शेकडो लोक या कामात कित्येक महिने राबले. कार्टर त्यांतला एक होता. पुढे सहा महिने त्याच्या लघवीत किरणोत्सर्ग सापडत होता, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे.

१९७९ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडची भट्टी बिघडली आणि आसपासचे लोक गाड्या भरून पळू लागले. चार दिवसांनी हाच कार्टर, आता राष्ट्राध्यक्ष, बायकोला बरोबर घेऊन तिथल्या नियंत्रण कक्षात जाऊन आला. बुटांवर पिवळी प्लॅस्टिकची आवरणं घातलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. वर्तमानपत्रांनी त्याला लोकांना धीर देण्याचा देखावा म्हटलं. देखावा होताच, पण तो करणाऱ्याला किरणोत्सर्ग काय चीज आहे ते चांगलं ठाऊक होतं.

१९५३ मध्ये वडील गेले आणि कार्टरने नौदल सोडून गावची वाट धरली. जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे त्याचं जेमतेम काही शे वस्तीचं गाव. भुईमुगाचा धंदा, त्यात दुष्काळ, म्हणून राहायला सरकारी स्वस्त घर. पुढे राजकारण आलं. असो, तो भाग कुठेही वाचायला मिळेल.

मला जास्त रस आहे तो त्याच्या आईत. लिलियनबाईंचा जन्म १५ ऑगस्टचा, सन १८९८. पेशाने नर्स. जॉर्जियात काळ्या-गोऱ्यांची शिवाशीव कडक होती त्या काळात काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची बाळंतपणं आणि आजारपणं काढणारी बाई. नवरा गेल्यावर एका रात्री त्यांनी टीव्हीवर 'पीस कोअर'ची जाहिरात पाहिली. परदेशात जाऊन सेवा करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही सरकारी संस्था, आणि जाहिरातीत म्हटलं होतं की वयाची अट नाही. बाईंनी अर्ज ठोकला. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या विक्रोळीत येऊन दाखल झाल्या!

होय, आपली विक्रोळी. त्यांना आधी कुटुंबनियोजनाच्या कामाला जुंपलं होतं. ते काम त्यांना रुचलं नाही. मग त्या गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात नर्स म्हणून रमल्या. मुक्काम एकवीस महिन्यांचा. तिथून घरी लिहिलेल्या पत्रांचं पुढे पुस्तक निघालं, पण ते निघालं १९७७ मध्ये, मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर. १९६६ मध्ये विक्रोळीत कोणाला त्यांचं कौतुक असायचं कारणच नव्हतं. मुलगा त्याच वर्षी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पडला होता.

या दवाखान्यात त्यांनी पहिल्यांदा महारोगी पाहिले. कार्टरने म्हातारपणी त्यावर एक कविता लिहिली आहे. (हो, कवितासंग्रह छापून घेतलेला हा राष्ट्राध्यक्ष.) दारातून आत आलेली महारोगी मुलगी पाहून आपलं पाऊल आधी मागे गेलं, अशी आईच्याच तोंडची कबुली त्या कवितेत आहे. आयुष्यभर ज्या बाईने जॉर्जियात शिवाशीव मानली नाही, तिचं पाऊल विक्रोळीत मागे गेलं. मग त्या तिथेच थांबल्या आणि काम शिकल्या. 'थोर समाजसेविका' छापाच्या चरित्रात हे मागे गेलेलं पाऊल गाळून टाकलं असतं. मुलाने ते नेमकं ठेवलं, याचं मला अप्रूप वाटतं.

जानेवारी १९७८ मध्ये कार्टर भारतात आला तेव्हा त्याला दिल्लीजवळचं हरियाणातलं एक खेडं दाखवलं, आणि त्या दौलतपूर नसीराबादचं नाव बदलून 'कार्टरपुरी' झालं. आईमुळे हे गाव निवडलं असंही छापून येतं, पण आईने पाणी बदललं ते विक्रोळीला. महाराष्ट्रात घाम गाळायला तो पुढे २००६ मध्ये आला. लोणावळ्याजवळ पाटण गावात गरिबांसाठी शंभर घरं बांधायचा उपक्रम होता. ८२ वर्षांचा माजी राष्ट्राध्यक्ष आणि त्याची बायको रोझलिन, दोघं स्वयंसेवकांबरोबर बांधकामावर राबत होते.

आता नारू. गावाकडच्या सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, नारू म्हणजे काय ते सांगेल. माझ्या आजोबांच्या पोटरीवर त्याचा व्रण होता. आमच्या पिढीला मात्र शब्दही माहीत नाही, आणि हेच यश आहे. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जीव असतात. त्यांच्या पोटात नारूची पिल्लं असतात. ते पाणी प्यायलं की साधारण वर्षभराने हातभर लांब जंत पायाच्या कातडीतून बाहेर येऊ लागतो. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, की जंताने तिथे पुन्हा पिल्लं सोडलीच. औषध नाही, लस नाही. काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटं ओढायचा. तुटला तर आणखी वाईट.

भारताने हे काम स्वतः केलं, याचं श्रेय कार्टरला द्यायचं कारण नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या करणं, हातपंप बसवणं, पाणी गाळून प्यायला शिकवणं हे उद्योग आपल्या सरकारी खात्यांनी चिकाटीने केले. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. सरकारी कामाला नावं ठेवताना मी अधूनमधून हे आठवतो.

कार्टरने १९८६ पासून हेच काम आफ्रिकेत उचललं. तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता. १९८८ मध्ये घानाच्या एका खेड्यात त्याला एक बाई दिसली. तिने छातीशी तान्हं धरलंय असं वाटून तो जवळ गेला. ते तान्हं नव्हतं, सुजलेला स्तन होता आणि त्यातून नारू बाहेर येत होता. हा प्रसंग तो पुढे अनेकदा सांगत असे. त्याची हत्यारं अगदी साधी होती: बारीक विणीचं गाळायचं कापड, गळ्यात अडकवून न्यायची गाळणीची नळी, तळ्यात टाकायचं कीटकनाशक, आणि गावोगाव घरटी फिरणारी माणसं. १९९५ मध्ये सुदानमध्ये यादवी चालू असताना त्याने दोन्ही बाजूंना गळ घातली आणि केवळ नारूचं काम करता यावं म्हणून लढाई थांबवली. ती शस्त्रसंधी जवळजवळ सहा महिने टिकली. राष्ट्राध्यक्ष असताना इराणमधून माणसं सोडवता आली नाहीत म्हणून ज्याला लोक हसले, त्याने हे खुर्चीवरून उतरल्यावर करून दाखवलं.

२०१५ मध्ये कर्करोग मेंदूपर्यंत पोचल्याचं त्याने पत्रकारांना सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की जगातला शेवटचा नारू माझ्याआधी मरावा एवढी इच्छा आहे. त्या दुखण्यातूनही तो उठला आणि पुढे नऊ वर्षं जगला. २९ डिसेंबर २०२४ रोजी प्लेन्समध्ये, आपल्या जुन्या घरात तो गेला. त्या वर्षी सगळ्या जगात मिळून नारूचे पंधरा रुग्ण सापडले, चाड आणि दक्षिण सुदानमध्ये. मधल्या काळात चाडमध्ये नारू कुत्र्यांतही आढळू लागला. त्यामुळे तिथे आता आजारी कुत्री बांधून ठेवतात, कळवणाऱ्याला बक्षीस देतात, आणि माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरायला सांगत स्वयंसेवक घरोघर फिरतात.