पिंपरी ते नवी दिल्ली : औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रवास

पेनिसिलिनच्या इंजेक्शनने माणूस मरणाच्या दारातून परत आल्याच्या गोष्टी आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पुष्कळ सांगितल्या. त्याआधी साधे गळू, बाळंतपणातला ताप किंवा न्यूमोनिया घरातला कर्ता माणूस घेऊन जात असे. अँटिबायोटिक औषधे आली आणि एका पिढीत चित्र पालटले. आज तीच औषधे एकामागून एक निकामी होत आहेत. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे कसे घडले, याचा इतिहास उद्बोधक आहे. त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो, आणि त्यातली मुख्य यंत्रणा आम्हा रेल्वेवाल्यांना चटकन समजावी अशी आहे.

पिंपरी आणि भिलाई

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतून पेनिसिलिन सापडले. त्यापासून प्रत्यक्ष औषध तयार केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणातच फ्लेमिंग यांनी बजावले होते की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट त्याला सरावतील.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्याकडे पेनिसिलिन परदेशातून येत होते. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला. म्हणजे पिंपरी आणि भिलाई ही एकाच काळाची भावंडे. एकाने देशाला पोलाद द्यायचे, दुसऱ्याने औषध.

पिंपरीच्या शास्त्रज्ञांनी केवळ परदेशी तंत्र गिरवले नाही. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. त्या सूक्ष्मजीवाला त्यांनी गावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना असे नाव दिले. यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. आपली कितीतरी औषधे मुळात मातीतल्या जंतूंची आणि बुरशीची शस्त्रे आहेत. ते एकमेकांशी युगानुयुगे लढत आले आहेत. मग शस्त्राइतकीच ढालही जुनी असणार. १९४० सालीच अब्राहम आणि चेन यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूत पेनिसिलिन तोडणारा पदार्थ असल्याचे दाखवले होते. म्हणजे पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच त्यावरचा तोडगा निसर्गात हजर होता.

जपानमधले कोडे

त्या काळी शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्यात योगायोगाने बदल होतो, तो औषधातून वाचतो आणि त्याची प्रजा वाढते. हे खरेही आहे. पण त्याने सगळे कोडे सुटत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रक्तीआवेची, म्हणजे शिगेला जंतूची, मोठी साथ होती. सल्फाची औषधे भरपूर वापरली गेली आणि काही वर्षांत ती चालेनाशी झाली. १९५५ साली तर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना दाद न देणारा जंतू सापडला. कोट्यवधींत एखाद्यात होणारा योगायोग एकाच जंतूत चार वेळा कसा होईल? शिवाय काही रुग्णांच्या पोटातला निरुपद्रवी ई. कोलायदेखील त्याच चार औषधांना पुरून उरत होता.

१९५९ साली ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी याचा उलगडा केला. दोन जातींचे जंतू नुसते एकत्र वाढवले, तरी एकाची ताकद दुसऱ्याकडे जात होती! पुढे त्सुतोमू वातानाबे यांनी इंग्रजीत लिहून ही गोष्ट जगापुढे मांडली.

यार्डातले शंटिंग

जंतूच्या शरीरात त्याचा मुख्य आराखडा असतो, ते त्याचे गुणसूत्र. त्याखेरीज अनेक जंतूंत डीएनएची छोटी छोटी स्वतंत्र वर्तुळेही असतात. १९५२ साली जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांना प्लाझमिड असे नाव दिले. औषध तोडण्याची, ते बाहेर फेकण्याची किंवा त्याला चकवण्याची कृती सांगणारी जनुके पुष्कळदा या वर्तुळांवर बसलेली असतात.

आपल्या चरोद्याचे भिलाई मार्शलिंग यार्ड डोळ्यांपुढे आणा. एका गाडीची वॅगन सोडवून दुसऱ्या गाडीला जोडली जाते. वॅगनला गाडी कोणती याच्याशी कर्तव्य नसते, कपलिंग जुळले की झाले. जंतूंचेही तसेच. एक जंतू दुसऱ्याकडे बारीक नळीसारखा तंतू पुढे करतो, त्याला जवळ ओढतो आणि प्लाझमिड पलीकडे जाते. जात वेगळी असली तरी पुष्कळदा हे कपलिंग जुळते.

एक फरक मात्र फार महत्त्वाचा आहे. यार्डात वॅगन दिली की आपली गाडी एका वॅगनने कमी होते. जंतू मूळ वर्तुळ आपल्याकडे ठेवून त्याची नक्कल देतो. जणू ड्रॉइंगची एक प्रत काढून शेजारच्या शॉपला दिली. घेणाराही लगेच पुढच्याला प्रत देऊ शकतो. त्यामुळे देणाऱ्याचे काही कमी होत नाही आणि घेणाऱ्यांची संख्या वाढतच जाते.

दुसरी गोष्ट अशी की, एकाच प्लाझमिडवर चार-पाच औषधांची जनुके ओळीने जोडलेली असू शकतात. त्यातले एकच औषध आपण वापरले, तरी पूर्ण रेक ओढला जातो आणि बाकीच्या औषधांची ताकदही सोबत टिकून राहते. जपानच्या चार औषधांचे कोडे येथे सुटते.

टायफॉइडचा धडा

टायफॉइडला आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणत. क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि हा ताप आटोक्यात आला. पण १९७२ साली केरळातल्या कालिकतला या औषधाला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली, आणि त्याच वर्षी मेक्सिकोतही. १९८०च्या दशकाच्या शेवटी भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्झॅझॉल या तिन्ही औषधांना दाद न देणारा टायफॉइड पसरला. तिन्हींची जनुके एकाच प्लाझमिडवर होती. मग डॉक्टर दुसऱ्या औषधांकडे वळले. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर घटला आणि पुढे भारतात अनेक ठिकाणी टायफॉइडचे जंतू पुन्हा त्याला बधू लागले. न लागणारे ओझे जंतूही कायम वाहत नाही, एवढा दिलासा यातून मिळतो.

नवी दिल्लीचे नाव

कार्बापेनेम ही अगदी अखेरच्या टप्प्यावर, अतिदक्षता विभागात वापरायची औषधे. २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला जंतू सापडला. तो कार्बापेनेमलाही तोडत होता. हा रुग्ण आधी नवी दिल्लीतील रुग्णालयात दाखल होता. त्याच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघाले. त्या जनुकातून बनणाऱ्या पदार्थाला शास्त्रज्ञांनी एनडीएम-१ म्हटले, म्हणजे न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज.

२०१० साली लॅन्सेटच्या नियतकालिकात यावर मोठा लेख आला आणि आपल्याकडे वादळ उठले. देशाची बदनामी होते, अशी तक्रार झाली. ती अगदीच गैरलागू नव्हती. पुढच्या वर्षी, नावात शहर घालणे ही चूक होती असे लॅन्सेटच्या संपादकांनी मान्य केले. पण नावाच्या वादात मूळ मुद्दा झाकला जाऊ नये. लॅन्सेटच्या लेखाआधीच, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते की, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ आढळले. हा इशारा घरातूनच आलेला होता.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतल्या नळाच्या पाण्याचे ५० आणि गल्लीबोळातल्या साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले गेले होते. हे जनुक नळाच्या २ आणि साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत मिळाले. कॉलरा आणि आवेच्या जंतूंतही ते पोचले होते. म्हणजे वॅगन हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर येऊन गटारापर्यंत गेली होती.

२०१५ साली चीनमध्ये आणखी एक धक्का बसला. बाकी सारे हरल्यावर वापरायच्या कोलिस्टिन औषधाची तोड डुकरांत, मांसात आणि माणसांत सापडली, तीही प्लाझमिडवर. खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर भारताने २०१९ साली बंदी घातली.

आपल्या हातात काय?

या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगायचे तर, आपण औषध खातो तेव्हा ते फक्त रोगाच्या जंतूवर चालत नाही. पोटातल्या लाखो-करोडो निरुपद्रवी जंतूंवरही चालते. त्यांतले औषध पचवणारे उरतात, वाढतात आणि ताकदीचे गोदाम बनतात. पुढे एखादा खरा रोगजंतू आला की, त्याला माल तयारच मिळतो. तो जंतू कदाचित माझ्या नाही, तर शेजारच्या नवजात बाळाच्या वाट्याला जाईल. म्हणून ‘माझे औषध, माझी मर्जी’ हा हिशेब येथे चालत नाही.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. सर्दी-पडसे आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुकानदाराला विचारून किंवा मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढून घेऊ नका. पट्टीवरची लाल उभी रेघ पाहा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचे नाही असा तिचा अर्थ आहे. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आणि दिवस मोडू नका. हात धुणे, स्वच्छ पाणी आणि लहान मुलांचे लसीकरण यांनी आजारच टळतो, मग औषधाची वेळच येत नाही.

सिग्नल लाल असताना गाडी पुढे नेली, तर त्याची किंमत एकटा ड्रायव्हर मोजत नाही, डब्यात बसलेले सगळे मोजतात. गोळीच्या पट्टीवरची लाल रेघही त्याच मोलाची आहे.