तुराटीचा आधार आणि मटाराचा हिशोब

मटाराचे वेल वीतभर झाले की आपण शेजारी तुराट्या रोवतो. पानांच्या टोकाला दोऱ्यासारखे तंतू असतात, ते बारीक काडीला चटकन विळखा घालतात. जाड बांबूवर त्यांची पकड बसत नाही. अशीच काडी-दोरीची युक्ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मठाच्या बागेत केली होती. ती गोष्ट आज सांगायची, कारण तिच्यामुळे आमच्या गटातलं एक भांडण मिटलं.

भांडण दुधीचं होतं. विकतच्या संकरित बियाण्याचे दुधी छान लांब आले, म्हणून आम्ही त्यांचंच बी राखलं. पुढच्या वर्षी त्याच मांडवावर काही लांब, काही आखूड, काही गोलसर. ज्या ताईंकडे बी ठेवलं होतं, त्यांच्यावर बी बदलल्याचा ठपका आला. त्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

आता ती बाग. युरोपात ब्रनो नावाचं शहर आहे, आजच्या चेक देशात. तिथल्या मठात ग्रेगोर मेंडेल हा शेतकऱ्याचा मुलगा राहत होता. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्याने मटार लावला. काठ्या, डहाळ्या आणि ताणलेल्या दोऱ्या लावून रोपं उभी ठेवली. वेल लोळून एकमेकांत गुंतले असते, तर कोणती शेंग कुठल्या रोपाची हे कसं कळलं असतं? आधार होता म्हणून मोजदाद झाली.

सहा-सात फुटी वेलांचा त्याने बुटक्या रोपांशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे उंच. त्यांचंच बी पेरलं, तर १०६४ रोपांत ७८७ उंच आणि २७७ बुटकी! बुटकेपणा गेला नव्हता, आत दडून होता. १८६५ साली त्याने हे सभेत वाचून दाखवलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८८४ मध्ये तो वारला. त्या हिशोबाची किंमत जगाला कळली १९०० साली.

आमच्या दुधीतही दडलेलंच वर आलं होतं. हे समजलं तशा आम्ही सगळ्याजणी ताईंच्या घरी गेलो आणि माफी मागितली.

तेव्हा मैत्रिणींनो, संकरित बी दर वर्षी नवं घ्या. राखायचं तर सरळ वाणाचं राखा. मटाराचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं, म्हणून त्याचा सरळ वाण सहसा तसाच येतो. चांगल्या वेलाच्या तुराटीला चिंधी बांधा, शेंगा वेलावरच वाळू द्या आणि बी कुठल्या वेलाचं ते वहीत लिहा. म्हणजे उद्या कुणा ताईवर ठपका येणार नाही.