ताटातले कोणी ठरवायचे? टेस्टिंग मेनूचा इतिहास

टेस्टिंग मेनू म्हणजे शेफने आधीच ठरवलेली, एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांची मालिका. पदार्थ आठ-दहा असतात, कधी तीसच्याही वर जातात. जेवणाऱ्याने काही मागवायचे नसते. किंमत एक, क्रम एक, आणि पुष्कळ ठिकाणी बसण्याची वेळही ठरलेली. फ्रेंचमध्ये याला ‘मेन्यू देगुस्तासियाँ’ म्हणतात. देगुस्तासियाँ म्हणजे चाखणे. महागड्या रेस्टॉरंटांत हा प्रकार आज इतका रुळला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे आजचे रूप पन्नासेक वर्षांचे आहे. त्याच्या मुळाशी मात्र जुना प्रश्न आहे: जेवणाऱ्याच्या पुढ्यात काय यावे हे यजमानाने ठरवायचे, जेवणाऱ्याने की स्वयंपाक करणाऱ्याने?

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये तो यजमानाचा अधिकार होता. सरदारांच्या घरची मेजवानी ‘फ्रेंच पद्धती’ने वाढली जाई. सुपाची मोठी भांडी, मांसाची पात्रे आणि भाज्या असे सगळे टेबलावर एकाच वेळी, दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशा बेताने मांडत. पाकग्रंथांत या मांडणीच्या आकृत्याही छापल्या जात. एक मांडणी उचलली की दुसरी येई, मग गोडाची. एका मांडणीत डझनभर पदार्थ असले तरी पाहुण्याच्या पानात पडत ते हाताच्या अंतरावरचे चार-पाच, आणि तेही बरेचदा निवालेले. मेजवानी यजमानाचे वैभव दाखवण्यासाठी असे. कोणत्या चवीनंतर कोणती चव यावी, हा विचार तिथे फारसा उद्भवतच नव्हता.

तो आला ‘रशियन पद्धती’बरोबर. ही चाल फ्रान्समध्ये आणण्याचे श्रेय पॅरिसमधले रशियन राजदूत प्रिन्स अलेक्झांडर कुराकिन यांना दिले जाते. काळ १८१० च्या सुमाराचा. या पद्धतीत मांस आतच कापले जाई आणि नोकर एकेक पदार्थ प्रत्येक पाहुण्याजवळ नेत. सगळ्यांनी एका वेळी एकच पदार्थ खायचा, आणि गरम खायचा. त्या काळचे सर्वांत नामवंत शेफ आंतोनँ कारेम यांना अन्नाच्या दृष्टीने हिचे फायदे पटत होते, तरी भव्यतेसाठी ते जुन्या पद्धतीलाच मान देत. पुढे उर्बँ दुब्वा यांनी नवी पद्धत उचलून धरली. एमिल बेर्नार यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘ला क्विझीन क्लासिक’ हा ग्रंथ १८५६ मध्ये निघाला, आणि शतक सरेपर्यंत रशियन पद्धत सर्वमान्य झाली. टेबलाचा मध्य रिकामा झाला, तिथे फुले आली. पुढे काय येणार हे आता डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून प्रत्येकाच्या पानाशी छापील मेनू ठेवू लागले. टेस्टिंग मेनूचा सांगाडा इथेच तयार झाला.

दरम्यान घराबाहेरच्या जेवणात वेगळेच घडत होते. पॅरिसच्या खाणावळींत ‘ताब्ल दोत’ची चाल होती: ठरलेल्या वेळी यायचे, अनोळखी लोकांबरोबर एका लांब टेबलाशी बसायचे आणि मालक वाढेल ते खायचे. ‘रेस्टोराँ’ हा शब्द मुळात अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या मांसाच्या अर्काचे नाव. असा अर्क विकणारे दुकान १७६० च्या दशकात मात्युरँ रोझ द शांत्वाझो यांनी पॅरिसमध्ये काढले. तिथे स्वतंत्र टेबल मिळे आणि मनाला येईल त्या वेळी जाता येई. पुढच्या वीसेक वर्षांत आंत्वान बोव्हिलिए यांच्यासारख्यांनी या दुकानांचे थाटाच्या भोजनगृहांत रूपांतर केले. फ्रेंच क्रांतीत सरदार परागंदा झाले, त्यांचे आचारी उघड्यावर पडले आणि त्यातून रेस्टॉरंट जन्मले, ही लोकप्रिय गोष्ट अपुरी आहे. रेस्टॉरंट क्रांतीच्या आधीच होते. त्याने दिलेली खरी नवलाई म्हणजे पदार्थांपुढे भाव छापलेली ‘कार्त’. खिशात पैसे असलेल्या कोणालाही स्वतःचे जेवण स्वतः निवडता येऊ लागले. ही निवड मोठी कमाई होती. दोनशे वर्षांनी जेवणाऱ्यांनी ती आपणहून परत केली, म्हणूनच या इतिहासात रस घ्यावासा वाटतो.

परतीची पहिली खूण लंडनमध्ये दिसते. १८९० पासून ऑग्युस्त एस्कोफिए यांनी सेझार रिट्झ यांच्याबरोबर सॅव्हॉय हॉटेलचे स्वयंपाकघर सांभाळले. फ्रेंच कार्त वाचताना इंग्रज गिऱ्हाइकांची अडचण होई. तेव्हा चार किंवा अधिक जण एकत्र आले तर एस्कोफिए त्यांच्यासाठी ठरीव किमतीचे जेवण स्वतः रचून देत. तरीही त्या काळातला शेफ पडद्याआडच होता. मासा सोलणे, बदक कापणे, सॉस घालणे ही शेवटची कामे ढकलगाडी टेबलाजवळ आणून मुख्य वाढपी करीत असे. पानात पदार्थ कसा दिसावा, हे त्याच्या हातात होते.

ते शेफच्या हाती येण्यात जपानचा मोठा वाटा आहे. सोळाव्या शतकात चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांनी चहापूर्वीचे साधे भोजन घडवले: भात, एक सूप आणि तीन पदार्थ. याला ‘काइसेकी’ म्हणतात. या नावाची अक्षरे ‘छातीशी धरलेला दगड’ अशी वाचली जातात. भूक मारण्यासाठी झेन भिक्षू वस्त्राच्या घडीत गरम दगड ठेवत, असे त्यामागचे स्पष्टीकरण सांगतात. उच्चार तोच, पण अक्षरे वेगळी असलेले दुसरे काइसेकी मेजवानीचे. दोन्ही परंपरा मिसळून क्योतोच्या भोजनगृहांत लांबलचक भोजनक्रम तयार झाला. त्यात कच्चा, उकडलेला, भाजलेला असे पदार्थ क्रमाने येतात, आणि शेवट भात, लोणची व सूप यांनी होतो. भांडे ऋतूप्रमाणे बदलते, पानाच्या कडेला ऋतूतलीच एखादी डहाळी येते. जेवणारा काहीही निवडत नाही, आणि न निवडणे हा पाहुणेपणाचाच भाग समजला जातो.

फ्रेंच शेफना हे जग दाखवले शिझुओ त्सुजी यांनी. पत्रकारिता सोडून त्यांनी १९६० मध्ये ओसाकात पाककलेची शाळा काढली. फ्रान्सच्या नामांकित स्वयंपाकघरांशी स्नेह जोडला आणि पॉल बोक्यूझ यांच्यासारख्यांना जपानला बोलावले. त्याच काळात रोआनमधले त्र्वाग्रो बंधू मोठ्या ताटल्यांत पदार्थ स्वयंपाकघरातच रचून बाहेर पाठवत होते. १९७३ मध्ये आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या समीक्षकांनी या नव्या पिढीची दहा सूत्रे मांडली आणि तिला ‘नुव्हेल क्विझीन’ म्हटले: जड सॉस नकोत, पदार्थ जास्त शिजवू नये, बाजारात ताजे मिळेल ते वापरावे. ताटली आत रचली जाऊ लागल्याबरोबर वाढप्याची सुरी गेली, वाढपातले प्रमाण लहान झाले, आणि एका बैठकीत सात-आठ पदार्थ खाता येऊ लागले. १९७० आणि ८० च्या दशकांत ‘मेन्यू देगुस्तासियाँ’ कार्तच्या शेजारी छापला जाऊ लागला तो या बदलातून. सॉस किती कमी झाला यावरच बहुतेक इतिहासकारांचा भर असतो. ताटली कोणी भरायची हा निर्णय त्याहून दूरगामी ठरला.

पुढचे पाऊल कार्त काढून टाकण्याचे. शिकागोत चार्ली ट्रॉटर यांनी १९८७ मध्ये आपल्या नावाचे रेस्टॉरंट उघडले आणि टेस्टिंग मेनू अमेरिकेत प्रतिष्ठित केला. कॅलिफोर्नियातल्या यॉन्टव्हिल गावी थॉमस केलर यांनी १९९४ मध्ये ‘फ्रेंच लाँड्री’ हाती घेतले. एखादा पदार्थ पहिल्या दोन-तीन घासांत जेवढा आनंद देतो तेवढा नंतर देत नाही, म्हणून तो हवाहवासा असतानाच संपावा, हे त्यांचे तत्त्व. या साऱ्या प्रकाराचे इतके स्वच्छ समर्थन दुसरे सापडत नाही. कातालोनियात रोझेस गावाजवळच्या खाडीकाठी ‘एल बुयी’त फेरान आद्रिया यांनी हे टोकाला नेले. द्रव पदार्थाच्या पातळ पापुद्र्याच्या गोळ्या, हवेसारखा फेस, तीस-पस्तीस घासांची रात्र. रेस्टॉरंट वर्षातले निम्मे महिनेच उघडे असे. उरलेल्या काळात बार्सेलोनातल्या कार्यशाळेत प्रयोग चालत. जुलै २०११ मध्ये ते बंद झाले.

या पद्धतीमागे हिशेबही आहे. आज कोण काय मागवेल याचा अंदाज बांधावा लागत नाही, म्हणून माल मोजून आणता येतो आणि वाया कमी जातो. शिकागोतल्या ‘नेक्स्ट’ने २०११ पासून नाटकासारखी आगाऊ तिकिटे विकली. पण प्रत्येक ताटलीवर चिमट्याने पाने लावायला हात लागतात, आणि बऱ्याच नामवंत स्वयंपाकघरांत ते हात बिनपगारी उमेदवारांचे होते. कोपनहेगनच्या ‘नोमा’ने २०२२ मध्ये उमेदवारांना पगार सुरू केला. जानेवारी २०२३ मध्ये शेफ रेने रेडझेपी यांनी रेस्टॉरंट नेहमीच्या रूपात बंद करण्याचा बेत जाहीर केला. असे जेवण या रीतीने चालवणे पैशांच्या आणि माणसांच्या दृष्टीने टिकणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जेवणाऱ्यांचीही तक्रार होतीच. चार-चार तास बसायचे, नावड सांगायची सोय नाही, आणि प्रत्येक घासाआधी व्याख्यान.

भारतीय जेवणाला हा साचा लावताना वेगळी अडचण येते. मराठी पंगतीत लोणचे, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे असतात, आणि वाढपी क्रमाने येत असले तरी कोणत्या घासाला काय लावायचे हे जेवणारा ठरवतो. आंबट, तिखट, गोड यांचा मेळ त्याच्या बोटांत असतो. टेस्टिंग मेनूत तो मेळ एका घासात आधीच बांधून द्यावा लागतो. शेफ गगन आनंद यांनी बँकॉकमध्ये आणि हिमांशू सैनी यांनी दुबईत यावर आपापली उत्तरे शोधली. मुंबईत २०१६ मध्ये अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी महालक्ष्मीला, जुन्या लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात, ‘मास्क’ सुरू केले. तिथे कार्त नव्हतीच, होता तो फक्त टेस्टिंग मेनू, आणि त्यातला माल हिमालयापासून कोकणापर्यंत देशातूनच शोधून आणण्याचा आग्रह होता.